फिट येताना मेंदूचा रंग बदलतो: प्रकाशाने मेंदू पाहणाऱ्या संशोधनाने आपल्या माणसांना काय दिलं?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
रविवार, सकाळी १०.१५

नमस्कार मंडळी.

१९९२ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक शोधनिबंध आला. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मायकेल हॅगलंड, जॉर्ज ओजमन आणि डॅरिल हॉकमन या तिघांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेत, कवटी उघडलेली असताना, मेंदूच्या पृष्ठभागावर दिव्याचा प्रकाश सोडला आणि परतणारा प्रकाश कॅमेऱ्यात टिपला. जाग्या रुग्णाला चित्रं दाखवून नावं सांगायला लावली, तेव्हा भाषेच्या भागावरून प्रकाश वेगळा परतला. विजेची सौम्य चेतना देऊन फिटसारखी लाट उठवली, तेव्हा तो बदल आणखी मोठा झाला. मेंदूत कुठलाही रंग घातला नव्हता, कॅमेऱ्याचा मेंदूला स्पर्शही नव्हता. माणसाच्या मेंदूतली फिटसारखी हालचाल अशी चित्रात पकडली गेली.

मी कोल्हापुरातच ज्युनिअर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवतो. धाकट्या भावाला शाळेपासून फिट येतात. प्रकाश हा माझा विषय आणि फिट हे घरातलं दुखणं, त्यामुळे ही दोन टोकं जिथे जुळतात ते सगळं मी वाचत आलोय. मराठीत यावर फार थोडं सापडतं, म्हणून हा धागा.

आधी तत्त्व सांगतो. कोरोनात घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं होतं. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात ज्याचा पाया घातला ते हे यंत्र, दोन प्रकारचा प्रकाश बोटातून पाठवतं. ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून आकडा निघतो. मेंदूवरही हेच चालतं. हिरव्या प्रकाशातल्या काही तरंगलांबी अशा आहेत की तिथे दोन्ही हिमोग्लोबिन सारखंच शोषतात. त्या प्रकाशात मेंदूचा एखादा भाग काळवंडला, तर तिथे रक्त वाढलंय. ६०० नॅनोमीटरच्या पुढच्या लाल प्रकाशात काळवंडला, तर तिथे ऑक्सिजन खर्च झालाय. मेंदूच्या नेहमीच्या कामात हा फरक एक टक्क्याहूनही कमी असतो. डोळ्याला काही कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फिटमध्ये फरक बराच मोठा होतो.

याच्या मागे मोठी परंपरा आहे. चेतापेशी काम करताना तिच्यातून जाणारा प्रकाश बदलतो, हे लॉरेन्स कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये दाखवलं. इस्रायलचे अमिराम ग्रिनवाल्ड यांनी १९८६ मध्ये, टॉर्स्टन वीझेल यांच्यासोबत काम करताना, जिवंत प्राण्याच्या मेंदूतले दृष्टीचे नकाशे नुसत्या परतलेल्या प्रकाशातून काढून दाखवले. मला हे काम फार मोलाचं वाटतं. इलेक्ट्रोड जिथे टोचाल तिथलंच सांगतो. ग्रिनवाल्ड यांच्या पद्धतीने अख्खा पट्टा एका वेळी दिसू लागला, तोही मिलिमीटरच्या आतल्या बारकाव्यासकट. फिटच्या अभ्यासाला नेमकं हेच हवं होतं, कारण फिट एका जागी सुरू होते आणि पसरते.

पुढचा टप्पा न्यूयॉर्कचे न्यूरोसर्जन थिओडोर श्वार्ट्झ यांचा. त्यांनी टोबियास बोनहोफर यांच्याबरोबर २००१ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावरचा अभ्यास छापला. मेंदूत छोटंसं फिटचं केंद्र तयार केलं आणि वरून कॅमेऱ्याने पाहिलं. केंद्रात एक संकेत दिसला, आणि भोवतीच्या कड्यात त्याच्या बरोब्बर उलटा. म्हणजे केंद्र पेटलेलं असताना भोवतीच्या पेशी त्याला आवरून धरत होत्या. उसाचं पाचट पेटवण्याआधी शेजारच्या फडाला झळ लागू नये म्हणून आपण कडेचा पट्टा मोकळा करून पाणी मारतो, तसा मेंदू आपल्या फिटभोवती पट्टा आखतो. तो पट्टा टिकला तर झटका तिथल्या तिथे विझतो, माणसाला कळतही नाही. तुटला तर फिट पसरते. इलेक्ट्रोडने असा अंदाज १९६०च्या दशकातच आला होता, पण पूर्ण कडं एका चित्रात दिसणं वेगळं.

श्वार्ट्झ यांच्या गटाचं दुसरं काम मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. मेंदू नेहमीचं काम करतो तेव्हा क्षणभर ऑक्सिजन कमी होतो, मग रक्त इतकं धावून येतं की गरजेपेक्षा जास्तच पुरवठा होतो. एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारा स्कॅन, त्याची चित्रं या जादा पुरवठ्यावरच निघतात. आता फिटमध्ये काय होतं? कॅनडातले न्यूरोसर्जन विल्डर पेनफिल्ड यांच्या काळापासून सर्जन लोकांनी शस्त्रक्रियेत पाहिलं होतं की फिटनंतर मेंदूवरच्या शिरा लालभडक होतात. त्यामुळे अनेकांची समजूत होती की रक्त भरपूर येतं, ऑक्सिजनची चणचण नसते. श्वार्ट्झ यांच्या प्रयोगशाळेने उंदरांमध्ये दाखवलं की केंद्राच्या जागी रक्त वाढूनही पुरत नाही आणि फिट चालू असेपर्यंत ऑक्सिजनची तूट राहते. २००६ च्या सुमारास त्यांनी याला 'एपिलेप्टिक डिप', म्हणजे फिटमधली ऑक्सिजनची घट, म्हटलं.

आता माझं म्हणणं. या साऱ्या संशोधनाने कोल्हापूरच्या दवाखान्यात नवं यंत्र आणून ठेवलेलं नाही. पण फिटला एक जागा असते, त्या जागेला हद्द असते, आणि ती शोधता येते, हे डोळ्यांनी दिसेल असं करून दाखवलं. आपल्याकडे अजून पोराला आधी देवर्षीकडे नेतात, अंगारा लावतात, 'बाहेरचं आहे' म्हणतात. शिकलेल्या घरांतही 'वयात आला की जाईल' म्हणत वर्षं घालवतात. माझ्या भावाच्या बाबतीतही एका दवाखान्यात कितीतरी वर्षं नुसतं गोळ्यांवर गोळ्या वाढवणं चाललं. फिट नेमकी कुठून सुरू होते, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. तो प्रश्न विचारा, एवढ्यासाठी मी हे लिहितोय.

ज्यांच्या घरी हे दुखणं आहे, ज्यांचं या क्षेत्रात काम आहे, त्यांनी जरूर लिहा.

गंगावेस_तालीम
रविवार, सकाळी ११.०२

सर, लिहिलंय लई चांगलं. पण एक मनापासून विचारतो, राग मानू नका. उंदीर, ते फेरेट, त्यांच्या डोक्यात औषध घालून फिट आणायची आणि वरून फोटो काढायचे. याचा आमच्या पोरांना उपयोग काय? आमच्या तालमीतलं एक पोरगं, अंगानं दणकट, जोर-बैठकात कुणाला ऐकत नव्हतं. मातीत उतरल्यावर फिट आली आणि वस्तादांनी त्याची कुस्ती बंद केली. त्याला हे वाचून दाखवलं तर तो म्हणेल, मला मातीत परत कधी जाता येईल ते सांगा.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
रविवार, सकाळी ११.३०

भावा, राग कसला. प्रश्न रास्त आहे.

उपयोग दोन ठिकाणी झालाय असं मला वाटतं. एक, रुग्णाचं एफएमआरआय किंवा स्पेक्ट (मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणारा) स्कॅन करून फिटचं केंद्र शोधतात तेव्हा प्रत्यक्षात मोजतात ते रक्त. रक्त आणि पेशींची हालचाल यांचं नातं फिटमध्ये बिघडतं का, कुठे बिघडतं, हे कळल्याशिवाय त्या स्कॅनवर विश्वास किती ठेवायचा ते ठरत नाही. ते नातं प्राण्यांवर, पेशींची विद्युत हालचाल दाखवणारे रंग आणि रक्ताचा प्रकाश एकाच वेळी टिपून तपासलं गेलं. तसले रंग माणसात वापरत नाहीत, त्यामुळे दुसरी वाट नव्हती. दुसरं, भोवतीचा आवरणारा पट्टा दिसल्यावर संशोधकांचं लक्ष आवरणाऱ्या पेशींकडे गेलं. २०१३ मध्ये अमेरिकेत इव्हान सोल्टेझ यांच्या प्रयोगशाळेने उंदराची फिट सुरू होताच संगणकाने ओळखायची आणि लगेच प्रकाश टाकून ठरावीक पेशी चालू-बंद करून ती थांबवायची, हे करून दाखवलं. माणसापर्यंत ते यायचं आहे.

त्या पोराला मात्र तोवर थांबायची गरज नाही. त्याला मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवा. किती दिवस फिट नाही, कुठल्या प्रकारची आहे, यावर खेळाचं ठरतं आणि ते डॉक्टरच सांगतील. पोहायला एकटं जाऊ देऊ नका, पंचगंगेत तर अजिबात नाही.

कागलची_माई
रविवार, दुपारी १.१०

दादा, तुमचं लिखाण मी दोनदा वाचलं. माझ्या मुलाला उजव्या हातातून फिट सुरू होते. आधी अंगठा उडतो, मग मनगट, मग सगळा हात, कधी कधी तोंडापर्यंत जाते. फिट थांबली की तासभर तो हात उचलतच नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, पोरावरून वारं गेलं. मी घाबरून नुसती रडत बसले होते. आता थोड्या वेळानं हात येतो हे माहीत झालंय, पण असं का होतं ते कुणी सांगितलं नाही. तुम्ही जे ऑक्सिजनचं लिहिलंय त्याच्याशी याचा काही संबंध आहे का?

मिरजेचा_निवासी
रविवार, दुपारी २.२५

माई, संबंध आहे. मी न्यूरॉलॉजीत शिकतोय, मला जे पक्कं माहीत आहे तेवढंच सांगतो.

फिटनंतर काही काळ हातपाय लुळा पडणं याला टॉडचा पॅरालिसिस म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या रॉबर्ट टॉड या डॉक्टरांचं नाव आहे ते. पेशी दमतात म्हणून असं होतं, असं बरीच वर्षं शिकवत. कॅनडातल्या कॅल्गरीच्या जॉर्डन फॅरेल आणि कॅम्पबेल टेस्की यांच्या गटाने २०१६ मध्ये उंदरांच्या मेंदूतला ऑक्सिजन थेट मोजला. फिट संपल्यावर त्या भागातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि तासाहून जास्त वेळ तिथे ऑक्सिजन धोक्याच्या पातळीखाली राहतो, असं त्यांना दिसलं. हात उचलत नाही तो त्या काळात. काही औषधं फिटच्या आधी दिली तर उंदरांमध्ये हे टळलं. त्यातलं एक दुखण्यावरच्या गोळ्यांच्या जातीचं आहे, म्हणून मुद्दाम सांगतो: घरच्या घरी वेदनाशामक गोळी देऊ नका. माणसांसाठी तो उपचार म्हणून ठरलेला नाही.

तुम्ही जे अंगठा, मनगट, हात, तोंड असं क्रमाने सांगितलंत ते फार मोलाचं आहे. लंडनचे ह्यूलिंग्स जॅक्सन यांनी दीडशे वर्षांपूर्वी असाच क्रम बघून ओळखलं की मेंदूत शरीराचा नकाशा आहे आणि फिट त्या नकाशावरून चालत जाते. मेंदूत अंगठ्याच्या शेजारी हात आणि चेहरा आहे, म्हणून ती त्या वाटेने जाते. त्यांनी नुसत्या नजरेने ताडलं, कॅमेऱ्याने ते पुढे दिसलं. तुमच्या मुलाची फिट मेंदूच्या डाव्या बाजूच्या, हात चालवणाऱ्या पट्ट्यात सुरू होत असावी. हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. एक मात्र, पहिल्यांदाच एक बाजू लुळी पडली, किंवा फिट नसताना पडली, तर ती फिटनंतरचीच आहे असं घरी ठरवू नका, लगेच दवाखाना गाठा.

दसरा_चौक_ईईजी
रविवार, दुपारी ४.४०

मी ईईजी टेक्निशियन आहे, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेची रेघ काढते. रोज डोकी हाताळते, म्हणून माझ्या बाजूचं लिहिते.

खेड्यातून येणाऱ्या बायका लेकराच्या डोक्याला चपचपीत तेल लावून आणतात. देवाला न्यायचं तसं नीट करून आणलेलं असतं, पण तेलावर इलेक्ट्रोड धरत नाही. मग आधी डोकं धुऊन घ्यायचं, टेपने मोजून खुणा करायच्या, प्रत्येक खुणेवरची त्वचा घासायची, पेस्ट भरून कप चिकटवायचा. कुठे किती अंतरावर लावायचं हे जगभर एकच ठरलेलं आहे, मॉन्ट्रियलच्या हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये घालून दिलेलं. मग मोठमोठे श्वास घ्यायला लावायचे, डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवायचा, जमलं तर झोपवायचं. आदल्या रात्री लेकराला कमी झोपवा सांगितलं की घरचे हळहळतात, पण झोपेत पुष्कळदा जे जागेपणी दिसत नाही ते दिसतं.

हे का लिहिलं? लोक ईईजी नॉर्मल आला की म्हणतात, म्हणजे फिट नव्हतीच. असं नाही हो. पहिल्या ईईजीत जवळपास निम्म्या रुग्णांत काही सापडत नाही. कवटीच्या बाहेरून पकडायला आत काही चौरस सेंटिमीटरचा भाग एकाच वेळी पेटावा लागतो. त्याहून लहान असेल तर माझी रेघ सरळच राहते. सरांनी लिहिलेलं कॅमेऱ्याचं काम वाचून मला म्हणून बरं वाटलं, की आमच्या यंत्राला न दिसणारी बारकी जागाही कुणी तरी बघतंय.

सर, एक विचारते. कवटी न उघडता प्रकाशाने बघता येत नाही का?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
रविवार, संध्याकाळी ६.०५

ताई, येतं, पण थोडं. डोळ्याला दिसणारा प्रकाश कातडी आणि कवटीतच अडकतो. त्याच्या पलीकडचा जवळचा अवरक्त प्रकाश मात्र आत जातो. फ्रान्स यॉब्सिस यांनी १९७७ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं की त्या प्रकाशाने कवटी न उघडता मेंदूतला ऑक्सिजन मोजता येतो. १९९० च्या दशकात त्यावरून डोक्याला लावायच्या टोप्या झाल्या. एका जागी प्रकाश सोडायचा, तीनेक सेंटिमीटरवर परत पकडायचा. मॉन्ट्रियलमध्ये ईईजी आणि ही टोपी एकत्र लावून रुग्णांच्या फिट टिपल्या आहेत. लहान मुलांत सोपं जातं, कवटी पातळ असते. मोठ्यांत मेंदूच्या वरच्या थराच्या खाली पोचत नाही, आणि काळेभोर दाट केस प्रकाश खाऊन टाकतात. तुमच्या तेलासारखाच त्यांचा केसांशी झगडा.

मिरजेचा_निवासी
रविवार, संध्याकाळी ७.२०

इथे मला एक ठामपणे लिहायचंय, सरांच्या लेखात ते थोडक्यात आलंय. मोठ्या माणसांत जी फिट औषधांना सर्वांत जास्त दाद देत नाही, तिचं केंद्र बहुतेक वेळा कानशिलाच्या आत खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाच्या जागी असतं. तिथे कॅमेऱ्याचा प्रकाश पोचत नाही. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला मिलिमीटरभर खोलीसुद्धा जड जाते. म्हणजे प्रकाशाच्या संशोधनाने फिट कशी सुरू होते, कशी आवरली जाते, रक्त कसं वागतं हे शिकवलं, पण प्रत्यक्ष रुग्णाचं केंद्र शोधायला आजही व्हिडिओ-ईईजी, चांगला एमआरआय, पेट स्कॅन, स्पेक्ट आणि गरज पडली तर मेंदूत बसवलेले इलेक्ट्रोड हेच लागतात.

आणि ते वेळेत व्हायला हवं. ग्लासगोच्या क्वान आणि ब्रॉडी यांनी २००० साली दाखवलं की पहिल्याच औषधाने जवळपास निम्म्या रुग्णांच्या फिट थांबतात. दुसऱ्या औषधाने आणखी थोड्यांच्या. त्यानंतर तिसरं, चौथं औषध घालत गेलं तर थांबण्याची शक्यता झपाट्याने घटते. म्हणून २०१० पासून एपिलेप्सीच्या (वारंवार फिट येण्याच्या आजाराच्या) आंतरराष्ट्रीय संघटनेची व्याख्या अशी आहे: योग्य निवडलेली, नीट घेतलेली दोन औषधं अपुरी पडली की ती औषधांना दाद न देणारी एपिलेप्सी समजायची. अशा वेळी शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राकडे रुग्णाला पाठवायचं. दिल्लीच्या एम्सने २०१७ मध्ये ११६ मुलांवरचा अभ्यास छापला. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलं एका वर्षानंतर फिटमुक्त होती, नुसत्या औषधांवरच्यांपैकी ७ टक्के. धोकाही त्यांनी लपवलेला नाही. शस्त्रक्रियेच्या गटातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांना एका बाजूची कमजोरी आली, काही शस्त्रक्रियांत ती आधीपासून अपेक्षितच असते. हे सगळं समोर ठेवून घरच्यांनी ठरवायचं. पण ठरवण्याची संधी तरी मिळायला हवी.

निपाणी_नाका
रविवार, रात्री ८.५०

माझी मावशी घरी कानडी, बाजारात मराठी. तिची शस्त्रक्रिया डाव्या बाजूला करावी लागेल असं सांगितलंय. ती म्हणते, माझी भाषा गेली तर? आणि गेली तर कुठली जाईल? प्रश्न भाबडा वाटेल, पण ती रात्ररात्र झोपत नाही.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
रविवार, रात्री ९.३५

भाबडा मुळीच नाही. वर ज्या ओजमन यांचं नाव आलंय, त्यांनी आयुष्यभर हाच प्रश्न हाताळला. १९७८ मध्ये त्यांनी दोन भाषा येणाऱ्या रुग्णांवर केलेलं काम छापलं: मेंदूच्या काही जागांवर विजेची चेतना दिली की दोन्ही भाषांत नाव सांगता येत नव्हतं, काही जागांवर एकच भाषा अडत होती. १९८९ मध्ये त्यांनी ११७ रुग्णांचे भाषेचे नकाशे एकत्र मांडले. त्यात दिसलं की पुस्तकातल्या आकृतीत भाषेची जागा जशी एका ठिकाणी दाखवतात तशी ती प्रत्येकात नसते. माणसागणिक बदलते. म्हणूनच कापण्याआधी त्या त्या माणसाचा नकाशा काढायचा, ही पद्धत पक्की झाली. कॅमेरा लावून नावं विचारण्याचा १९९२ चा प्रयोग याच गरजेतून आला.

मावशींना सांगा, डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की मला दोन्ही भाषा लागतात, दोन्हींत तपासा. कानडी बोलणारं कुणी तरी तपासणीच्या वेळी सोबत असेल असं बघा. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूविकारांच्या रुग्णालयात हे सोपं जाईल.

शिरोली_एमआयडीसी
रविवार, रात्री १०.१०

आमच्या फाउंड्रीत एकाला भट्टीपासून चार हातांवर फिट आली. कुणी चप्पल हुंगवायला धावला, कुणी किल्ल्या मुठीत कोंबल्या, एकानं दातात चमचा घालायला घेतला. सुपरवायझरनं सगळ्यांना मागं सारलं, त्याला एका कुशीवर वळवलं, डोक्याखाली जॅकेट घातलं आणि घड्याळ धरलं. दोन-अडीच मिनिटांत थांबली. हे सुपरवायझरला कुठल्या तरी शिबिरात शिकवलं होतं. पाच मिनिटांवर गेली किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली तर १०८ ला फोन. तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, हात-पाय दाबून धरायचे नाहीत. त्याला आता भट्टीवरून काढून स्टोअरला घेतलंय. कामावरून काढलं नाही, ही मालकांची मेहरबानी म्हणणार नाही मी, तेच बरोबर होतं.

पेठेतली_वहिनी
सोमवार, सकाळी ९.००

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. धाग्याचा विषय संशोधनाचा आहे, तरी एक घालते. माझ्या नणंदेचं लग्न ठरवताना घरच्यांनी गोळ्या लपवायला लावल्या. सासरी गोळ्या चुकल्या आणि आठवड्यात फिट आली. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी लग्नाला अडथळा म्हणून एपिलेप्सीचा उल्लेख होता, तो १९९९ च्या दुरुस्तीने काढला. कायद्यानं दरवाजा उघडलाय. घरच्यांनी सांगून लग्न करावं, गोळ्या उघड्यावर ठेवाव्यात. आणि मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावं, कारण व्हॅल्प्रोएटसारखी गोळी गर्भाला त्रास देऊ शकते. आपल्या मनानं बंद मात्र करू नये.

कागलची_माई
सोमवार, सकाळी ११.४५

निवासी दादा, आमच्या पोराच्या तीन गोळ्या चालू आहेत, तरी महिन्याला फिट येतेच. वर तुम्ही दोन औषधांचं लिहिलंय ते वाचून मालकांशी बोलले. ते म्हणाले जाऊया. पण कुठे जायचं, काय घेऊन जायचं, आणि पैशाचं कसं करायचं?

मिरजेचा_निवासी
सोमवार, दुपारी १२.३०

माई, सुरुवात कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयापासून किंवा तुम्ही दाखवता त्या मेंदूविकारतज्ज्ञांपासून करा. त्यांना म्हणा, शस्त्रक्रियेसाठी तपासणी करायची आहे, चिठ्ठी द्या. मुंबईचं केईएम, बेंगळुरूचं निम्हान्स, तिरुवनंतपुरमचं श्रीचित्रा या ठिकाणी हे काम वर्षानुवर्षं चालतं. श्रीचित्रात तर १९९५ पासून. तपासणीला गेलं म्हणजे शस्त्रक्रिया होणारच असं नाही. मुलाची फिट हात चालवणाऱ्या पट्ट्यात असेल तर ते फार जपून ठरवतील, कारण तो भाग काढला तर हाताची ताकद जाते. तिथेच हद्दीचा प्रश्न येतो, कुठवर फिटची जागा आणि कुठून पुढे हाताची.

न्यायच्या गोष्टी: फिटचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ, सुरुवातीपासून, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा, मध्ये त्याला नाव विचारलेलं. आजवर घेतलेल्या सगळ्या औषधांची नावं आणि मात्रा, बंद केलेल्यांसकट. रिकाम्या स्ट्रिप्स असतील तर त्याही पिशवीत टाका. एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, सीडी घ्या. जन्माच्या वेळचे कागद, बाळ रडलं होतं का, पेटीत ठेवलं होतं का ते. तापात फिट आली असेल तर कोणत्या वयात. घरी वहीत तारीख, वेळ, किती मिनिटं, हात किती वेळ लुळा होता ते आजपासून लिहायला लागा.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा आणि यातली कुठली तपासणी, कुठली शस्त्रक्रिया योजनेत बसते, कोणत्या दवाखान्यात, ते त्याच्याकडून लिहून घ्या. परराज्यात जायचं असेल तर तेही आधीच विचारा.

कागलची_माई
सोमवार, दुपारी १.०५

लिहून घेतलं. बुधवारी सीपीआरला जातोय. व्हिडिओ दिराच्या फोनमध्ये आहे, तो आजच मागून घेते.

दसरा_चौक_ईईजी
सोमवार, दुपारी १.२०

माई, आदल्या दिवशी डोकं शाम्पूनं धुवा, तेल नको. गोळ्या मात्र चुकवू नका, डॉक्टर सांगतील तरच. नवीन ईईजी सांगितला तर सकाळचा नंबर मागा, रात्री त्याला उशिरा झोपवून आणता येईल.